ओळख जुनी असली तरी चालेल

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्या नाकावर कायम राग असतो, या दोन्ही गोष्टी आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहेत. पण दुसरी पहिलीमुळे झाली, हे कुणी लक्षात घेत नाही.

तुम्हीच बघा. दोन मशिनं आणि मी एकटी, म्हणून गिऱ्हाइकानं आपला कागद आपणच काचेवर ठेवायचा आणि आपणच उचलायचा असा माझा नियम. माणूस येतो, ओळखपत्र ठेवतो, झाकण पाडतो, प्रत निघते, आणि प्रत घेऊन हा शहाणा चालता होतो. मूळ कार्ड झाकणाखाली! रोज एक तरी असा निघतोच. मग धापा टाकत परत येतो, "ताई, माझं कार्ड राहिलं का हो?" त्यावर मी काय बोलते ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी भिंतीवर कागदाची पाटी लावली: 'मूळ कागद उचला. डोकं घरी राहिलं असेल तर ते आणा आणि मग उचला.'

दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तपासणीला जाणारं प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे येतं आणि विचारतं, "काय काय न्यायचं हो?" मला आता ते झोपेतसुद्धा म्हणता येईल. फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ. त्याची एक झेरॉक्स. आधीचे रिपोर्ट असले तर तेही. चालू गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच न्या. आणि नाव कार्डावर आहे तसंच सांगा, घरी लाडानं काय म्हणतात ते त्यांना नको असतं. साऱ्या गावाला मी हे शिकवलं. आणि माझी सख्खी आई दवाखान्यात काय घेऊन गेली? शेजारीण घेऊन गेली. याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

माझी आई पाळणाघरात आया आहे. तिची हयात तिथं गेली. जी पोरं तिच्या कडेवर वाढली, त्यांची पोरं आता तिच्या कडेवर आहेत. वय विचारलं तर ती म्हणते, "कामाचं बोल." पाळणाघरातल्या बायकांची वर्षातून एकदा तपासणी होते. दवाखान्यातून 'कामास योग्य' अशी चिठ्ठी मिळाली तर पोरांना हात लावायचा, नाही मिळाली तर घरी बसायचं. साधी गोष्ट आहे. दरवर्षी आई पहिल्याच दिवशी जाऊन चिठ्ठी आणायची आणि आठवडाभर मिरवायची.

यंदा मात्र तिची चालढकल सुरू झाली. आज कंटाळा आला, उद्या पाऊल मुरगळलं, परवा कुणाचं तरी पोर तिच्याशिवाय झोपतच नाही. असं करत करत शेवटचा दिवस उद्यावर आला. त्या दिवशी दुपारपर्यंत चिठ्ठी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसापासून पाळणाघराचं दार तिला बंद. मी फोनवर इतकी ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक कागद न घेताच निघून गेलं. "उद्या सकाळी दवाखान्याच्या दारात ये. मी तिथं असते. बाकी सगळं माझ्याकडे आहे."

सगळं खरंच माझ्याकडे होतं. तिच्याकडे ठेवलं तर हरवेल म्हणून कार्ड मी आधीच घेऊन आले होते. झेरॉक्स काढली, जुने रिपोर्ट लावले, पिशवी भरून दाराला अडकवून ठेवली. कार्ड मी नेतेय हे तिला सांगितलं होतं. ती म्हणते, नव्हतं सांगितलं. त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

आता त्या दवाखान्यातल्या दीडशहाण्यांचं ऐका. त्यांनी आईच्या फोनवर संदेश पाठवला: 'तपासणीस येताना ओळख आणावी. ओळख जुनी असली तरी चालेल.' अरे, ओळखपत्र म्हणा ना! 'पत्र' ही दोन अक्षरं लिहिताना तुमच्या बोटांना लकवा भरला होता का? आईनं तो संदेश मोठ्यानं वाचला, कपाट उघडलं, कपाटात कार्ड नाही. पण संदेशात कार्डाचं नावही नव्हतं. ओळख आणा म्हणालेत, जुनी आणा म्हणालेत. आईनं विचार केला, या गावात आपल्याला सगळ्यात जुनं ओळखणारं कोण आहे?

मी दवाखान्यात पोचले तर लांब बाकाच्या एका टोकाला आई बसलेली. दुसऱ्या टोकाला भोंगाकाकू.

भोंगाकाकू म्हणजे आमच्या जुन्या इमारतीतली शेजारीण. तिच्या आणि आईच्या खोलीमध्ये एकच भिंत. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात तिचा जन्म गेला. कर्णा बिघडला तरी काम थांबायचं नाही म्हणतात. हळू बोलणं तिला ठाऊकच नाही. ती कानात सांगते तेही मजल्यावर सगळ्यांना कळतं. लहान असताना मी तिच्याच घरी जेवायची, तिच्याच मांडीवर झोपायची. आणि गेली दहा-अकरा वर्षं तिच्यात आणि आईत शब्द नव्हता. अबोला म्हणजे कडकडीत अबोला. जिन्यात समोर आल्या तर एकीनं भिंतीकडे बघायचं, दुसरीनं कठड्याकडे.

कारण मीच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा आपल्या आईला घेऊन एकदा घरी येऊन गेला. भोंगाकाकूनं त्याला चहा देताना पाहिलं, इतकंच. तो खाली उतरतोय तोवर वरून म्हणाली, "ओळखलं मी त्याला. पोर देऊ नकोस." तिचं ते म्हणणं, म्हणजे त्यानंही ऐकलं, त्याच्या आईनंही ऐकलं, कोपऱ्यावरच्या पानवाल्यानंही ऐकलं. आईनं भांडून भांडून घसा बसवला आणि लग्न लावलं. ते लग्न दोन वर्षं टिकलं. मी परत आले, दुकान टाकलं, दुकानाच्या वरच राहायला लागले. भोंगाकाकू एकदाही "बघ, मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. आईला तेच जास्त झोंबलं. म्हणाली असती तर भांडण होऊन मिटलं तरी असतं.

"ही इथं कशाला?" मी आईला विचारलं.

"ओळख लागते ना," आई म्हणाली. "जुनी."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं फोन दाखवला. मी संदेश वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं आई, ओळख म्हणजे ओळखपत्र! माणूस नाही!"

"मग तसं लिहायचं. मी काय मनकवडी आहे?"

"आणि हिला बोलावलंस कसं? तुमचं तर बोलणं नाही."

आईनं मान दुसरीकडे वळवली. भोंगाकाकूनंच सांगितलं, म्हणजे सगळ्या दवाखान्याला सांगितलं. "काल सकाळी माझ्या दारासमोर उभी राहून जिन्याला सांगत होती. 'उद्या दवाखान्यात जुनी ओळख लागणार आहे म्हणे.' मी आतून दाराला म्हटलं, 'किती वाजता ते सांगावं.' जिना म्हणाला, नऊ. आले मी."

समोरच्या बाकावरची दोन माणसं हसली. मला हसू येत नव्हतं.

"काकू, तुम्ही घरी जा," मी म्हटलं. "तुमचं इथं काही काम नाही. कार्ड माझ्याकडे आहे."

"तिला सांग," आई माझ्याकडे बघत म्हणाली, "आलीच आहे तर चहा पिऊन जा म्हणावं."

"हिला सांग," भोंगाकाकू म्हणाली, "चहा मी घरून पिऊन आलेय. आणि हिनं उपाशी यायचं होतं, ही आली का उपाशी, ते विचार."

"आलेय म्हणावं. मला अक्कल आहे म्हणावं."

दोघींच्या मध्ये मी टेलिफोनच्या तारेसारखी उभी. मी पिशवी उचलली आणि खिडकीवर गेले.

खिडकीतल्या माणसानं काचेमागून हात काढला. मी झेरॉक्स दिली. त्यानं ती उलटसुलट केली आणि परत सरकवली.

"मूळ?"

"देते की." मी पिशवीत हात घातला. रिपोर्ट निघाले, गोळ्यांची पाकिटं निघाली, चष्म्याचं घर निघालं. कार्ड निघेना. मी सगळी पिशवी त्याच्या कट्ट्यावर ओतली. कार्ड नव्हतं.

"ताई, मागे रांग आहे," तो म्हणाला.

"अहो, झेरॉक्सवर फोटो आहे, नाव आहे, नंबर आहे. ती बाई समोर बसलीय. चेहरा बघा आणि जुळवा!"

"झेरॉक्स चालत नाही. झेरॉक्स काय, कुणीही काढतं."

मला म्हणाला! झेरॉक्स कुणीही काढतं! "दरवर्षी येते ती इथं," मी म्हटलं. "तुमचं स्वतःचं पोर तिच्या पाळणाघरात होतं, तुम्ही संध्याकाळी न्यायला यायचा. तेव्हा मूळ बघितलं होतंत का तिचं? पोर तर बिनकागदाचं तिच्या हातात दिलंत!"

तो जरा खाली बघू लागला. "मी ओळखतो हो त्यांना. पण मी ओळखून काय होतं? वर साहेब मूळ प्रतीचा नंबर मागतात. बारापर्यंत आणा, घेतो मी."

मग मी आईकडे वळले आणि जे बोलले ते बोलले. तूच काढून ठेवलं असशील, तुझी सवयच आहे, सतरा ठिकाणी वस्तू ठेवायच्या आणि माझ्या जिवाला घोर लावायचा, उद्यापासून घरी बसायची वेळ आली म्हणजे कळेल. रांग ऐकत होती, मला पर्वा नव्हती.  आई नुसती बाकाची कड धरून बसली होती. तिच्या ओठांचा रंग मला जरा फिका वाटला, पण मी तेव्हा रागात होते, आणि रागात माणसाला समोरच्याचा रंग दिसत नाही.

"ए पोरी," भोंगाकाकू म्हणाली, "तुझ्या मशिनीखाली बघितलंस का?"

"माझ्या मशिनीखाली लोकांची राहतात! माझी नाही!"

असं म्हणून मी तणतणत निघाले. रस्ताभर स्वतःशी बोलत होते. दुकान उघडलं, पहिल्या मशिनचं झाकण उचललं, काच स्वच्छ. दुसऱ्याचं उचललं. आई माझ्याकडे बघत होती. कार्डावरच्या फोटोत ती कायम कुणावर तरी डोळे वटारून असते, तशीच. वर भिंतीवर माझी पाटी: 'डोकं घरी राहिलं असेल तर ते आणा.' काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी ती पाटी टराटरा फाडली, कार्ड मुठीत धरलं आणि धावत सुटले.

परत आले तर बाक रिकामा. 

"आत गेल्या," खिडकीतला माणूस म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. "तुम्ही गेल्यावर त्या दुसऱ्या बाईंनी उभं राहून जाहीर केलं की इथं एक बाई उपाशीपोटी बसलीय, कागदासाठी ताटकळवताय, लाज आहे का. तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, कार्ड येईपर्यंत तपासून घेते."

मी त्याच्यासमोर कार्ड आपटलं, त्यानं नंबर उतरवून घेतला, आणि मी आत पळाले.

डॉक्टरीणबाई तरुण होती, कपाळावर चष्मा सरकवलेला. आई स्टुलावर, भोंगाकाकू दारापाशी उभी. आईचे प्रश्न चालले होते.

"मावशी, चक्कर येते?"

"छे."

"दम लागतो?"

"मला? पोरं दमतात, मी नाही दमत."

"कधी पडलात, शुद्ध गेली, असं काही?"

"काही नाही."

"काही नाही हो डॉक्टर," मीही म्हटलं. "आई ठणठणीत आहे. मी रोज फोन करते तिला. दोन मजले चढते, दोन-दोन पोरं कडेवर घेते. तुम्ही चिठ्ठी द्या, आजचा शेवटचा दिवस आहे." मला खरंच तसं वाटत होतं. रोज मी विचारायची, कशी आहेस, ती म्हणायची, मला काय धाड भरलीय. मी फोन ठेवायची आणि कामाला लागायची.

डॉक्टरीणबाईनं पेन उघडलं. आई पेनाकडे बघत होती. लहान पोरं खाऊच्या डब्याकडे बघतात ना, तशी.

"जिन्यातलं सांग म्हणावं," दारापाशी भोंगाकाकू म्हणाली. आणि ती हळू म्हणाली. म्हणून तर आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तिला सांग," आई ताडकन म्हणाली, "आपल्या कामाशी काम ठेव म्हणावं."

"कसलं जिन्यातलं?" डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं.

"ही जिन्यात बसलेली होती. बसलेली कसली, पडलेली. मला बघितलं आणि चप्पल शोधतेय असं दाखवलं. दोन्ही चपला पायात होत्या." भोंगाकाकू आता भिंतीकडे बघून बोलत होती. "आणि सकाळी उठते तेव्हा पडते. आमची मधली भिंत पातळ आहे. धप्प असा आवाज येतो. मग मी भिंतीवर दोनदा वाजवते. मग तिकडून एकदा वाजतं. एकदा वाजलं की मी माझ्या चहाला लागते."

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

मी आईकडे बघितलं. इतका अबोला, आणि भिंतीतून यांचं हे चाललं होतं. मला फोनवर 'मला काय धाड भरलीय', आणि शेजारच्या भिंतीला खरं.

"खोटं आहे!" आई म्हणाली. "ती माझ्यावर जुना डूख धरून आहे. डॉक्टर, तुम्ही लिहा."

डॉक्टरीणबाईनं लिहिलं नाही. तिनं आईला आडवं केलं, हातापायाला चिमटे लावले, छातीवर बटणं चिकटवली. मशिनमधून कागदाची पट्टी निघू लागली. मी दिवसभर मशिनमधून कागद निघताना बघते, पण त्या कागदासारखी धडकी मला कधी भरली नाही. रेघ वर-खाली, वर-खाली, आणि मग सपाट. बराच वेळ सपाट. मग पुन्हा वर. डॉक्टरीणबाईनं पट्टी बोटांनी ताणली आणि दुसऱ्या डॉक्टरला फोन लावला.

"मावशी," ती परत येऊन म्हणाली, "तुमचे ठोके मध्येच थांबतात. थांबले की तुम्ही पडता. आज घरी सोडता येणार नाही. छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल असं दिसतंय."

"बसवा," आई म्हणाली. "आधी चिठ्ठी द्या, मग काय वाट्टेल ते बसवा."

"चिठ्ठी नाही देता येणार."

"यंत्र बसवल्यावर?"

"तेव्हा बघू. पोरांना कडेवर घ्यायचं काम आहे, मावशी. मी आत्ता शब्द देत नाही."

आईनं बटणं चिकटलेली असतानाच तोंड भिंतीकडे केलं.

मी भोंगाकाकूचा दंड धरून तिला बाहेर ओढली. खरं सांगते, तेव्हा मला तिचा जितका राग आला तितका त्या नवऱ्याचाही आला नव्हता. "काय मिळालं तुम्हाला? आं? तिचं काम म्हणजे तिचा जीव आहे, माहीत नाही तुम्हाला? त्या पोरांशिवाय ती चार दिवस काढणार नाही! ओळख म्हणून आणलं होतं तुम्हाला, साक्ष द्यायला नाही! तेव्हाही तेच, आताही तेच. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची खोड काही जात नाही!"

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात दंडावरून काढला.

"तिच्या हातात दुसऱ्यांची पोरं असतात," ती म्हणाली. "ती पडली तर पोर कुठं पडणार? हे तिला कळत नाही असं वाटतं तुला? कळतं. म्हणूनच यंदा तपासणीला यायला पाय उचलत नव्हता. आणि पोरं राहू देत बाजूला. परवा मी भिंत वाजवली, तर उत्तर नाही. पुन्हा वाजवली. पुन्हा नाही. मी कुलूप फोडायला बत्ता घेऊन बाहेर आले, पोरी. बत्ता घेऊन तिच्या दारात उभी होते, तेव्हा एकदा वाजलं." तिनं तोंडावरून हात फिरवला. "मी आता म्हातारी झाले. मला रोज सकाळी ते ऐकवत नाही."

मला अजूनच राग आला. आईचा आला, फोनचा आला, त्या संदेश लिहिणाऱ्याचा आला. माझा तर सगळ्यात जास्त आला. मी रोज विचारत होते आणि रोज माझ्या सोयीचं उत्तर घेऊन फोन ठेवत होते. मूळ काय आहे ते कधी उचलून बघितलंच नव्हतं.

आईला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. दाखल करायचं म्हणून पुन्हा तीच खिडकी. मी न मागता कार्ड पुढे केलं.

"सोबत कोण राहणार?" खिडकीतल्या माणसानं विचारलं. "वर एकच माणूस चालतं."

"मी," मी म्हटलं. "मुलगी."

तेवढ्यात आईनं खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सरळ भोंगाकाकूकडे बघत होती. जिन्याकडे नाही, कठड्याकडे नाही, 'तिला सांग' नाही.

"वाटोळं केलंस माझं," आई म्हणाली. "ऐकतेयस का गं? वाटोळं केलंस!"

 भोंगाकाकूचे ओठ हलले, पण जिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो तिचा आवाज फुटेना. मग ती आली आणि खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली.

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोल."

"कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला? चिठ्ठी लिहीत होती ती! पेन उघडलं होतं तिनं!"

"हो. बघितलं मी."

"तेव्हाही असंच. खाली उतरेपर्यंत तरी थांबायचं होतंस! हळू सांगायचं होतंस मला! मी ऐकलं असतं, हळू सांगितलं असतंस तर!" आईला धाप लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण एका हातानं तिनं भोंगाकाकूचं मनगट आवळून धरलं होतं, आणि दुसऱ्या हातानं ती तिच्यावर बोट रोखत होती.

"चुकलं माझं," भोंगाकाकू म्हणाली. "अजून बोल."

"बोलणारच आहे. सोडते की काय!"

खुर्ची ढकलायला माणूस आला. मी पिशवी उचलली, पुढे झाले आणि आईचा खांदा धरला. "चल आई. पुरे आता, दम लागतोय. मी आहे सोबत."

आईनं माझा हात खांद्यावरून बाजूला केला.

"तू दुकानात जा," ती म्हणाली. "माझं हिच्याशी भांडण राहिलंय."

भोंगाकाकू गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्याकडून पिशवी घेतली, आणि खुर्चीच्या बाजूनं चालू लागली. लिफ्टचं दार बंद झालं तरी आईचा आवाज येतच होता. खिडकीतल्या माणसानं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"ताई," तो म्हणाला, "मूळ इथं विसरू नका."